पावसाळ्यात महामार्गावर : दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे

पावसाळ्यात महामार्गावर गाडी चालवण्याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते सगळे एका नियमाभोवती फिरते : समोरचा रस्ता जेवढा स्पष्ट दिसतो, तेवढ्या अंतरात आपली गाडी पूर्णपणे थांबवता आली पाहिजे. पाऊस पडू लागला की टायरची रस्त्यावरची पकड कमी होते आणि नजरेचा पल्लाही आखडतो. थांबायला लागणारे अंतर वाढत असते नेमक्या त्याच वेळी दिसणारे अंतर घटत असते, आणि या दोहोंचा मेळ घालायला चालकाच्या हाती वेग सोडून दुसरे काहीही नसते. पुढचा मजकूर मुख्यतः मुंबई-गोवा महामार्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. गणपतीला गावी जाणारी कुटुंबे ऐन पावसात याच रस्त्याने जातात, आणि घाट, दरडी, पुराच्या नद्या, अर्धवट कामे व प्रचंड रहदारी या सगळ्या अडचणी या एकाच रस्त्यावर भेटतात. तो नीट जमला, तर राज्यातल्या कोणत्याही महामार्गावर पावसात गाडी चालवता येईल.

आधी अंतराचा हिशेब पाहू. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी या दीड सेकंदात सुमारे ३३ मीटर पुढे सरकते, आणि तेव्हा कुठे ब्रेक लागायला सुरुवात होते. त्यानंतर थांबण्यासाठी चांगल्या कोरड्या रस्त्यावर तिला ३५ ते ४० मीटर लागतात, पण त्याच ओल्या रस्त्यावर ६० मीटरांहून अधिक. दोन्ही मिळून ओल्या रस्त्यावरचे एकूण अंतर जवळपास शंभर मीटर होते. वेग १०० असेल, तर तेच अंतर १४० मीटरांपर्यंत जाते. वेग ६० वर आणला की ते साधारण ६० मीटर होते आणि ५० वर आणला की ४५. हे आकडे चांगल्या टायरचे व सावध चालकाचे आहेत. झिजलेले टायर, भरलेली गाडी किंवा उतार असेल, तर त्यात भर पडते. कर्नाळ्याच्या झाडीत किंवा कशेडीच्या वळणांवर मुसळधार पावसात पन्नास मीटरांपलीकडचे काही दिसत नसेल, तर पन्नासच्या वर जाण्यात अर्थ नाही, मग मागची गाडी कितीही हॉर्न वाजवो.

पुढच्या गाडीपासूनचे अंतर मीटरमध्ये मोजण्याच्या भानगडीत पडू नये. ते सेकंदांत मोजणे सोपे असते. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून किंवा किलोमीटरच्या दगडाजवळून गेली की सावकाश चार आकडे मोजावेत. चार म्हणण्याआधीच आपण त्या खांबापाशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत. मधली जागा पाहून कोणीतरी आत घुसेल, ही भीती खरी आहे आणि घुसतातही. तरीही पुन्हा थोडे मागे राहावे. दिवसभरात दहा गाड्या अशा पुढे गेल्या, तरी मुक्कामाला पोहोचण्याच्या वेळेत काही मिनिटांचाच फरक पडतो.

निघण्यापूर्वी

सर्वांत आधी टायर पाहावेत. टायरवर कोरलेली नक्षी शोभेसाठी नसते. चाक आणि रस्ता यांच्यामध्ये येणारे पाणी त्या खाचांतून बाजूला फेकले जाते व रबर रस्त्याला टेकते. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून १.६ मिलिमीटर उरली की ती या उंचवट्यांच्या पातळीला येते, आणि टायर बदलण्याची ती शेवटची मर्यादा आहे. पावसाळ्यापुरते बोलायचे, तर तिथपर्यंत थांबू नये. खाचांची खोली ३ मिलिमीटरांच्या खाली गेली की पाणी बाहेर फेकण्याची क्षमता स्पष्टपणे घटते, म्हणून असे टायर जूनच्या आधीच बदलावेत. चारपैकी दोनच नवे घ्यायचे असतील, तर गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी नवे टायर मागे बसवावेत. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जात राहते आणि वेग कमी केल्यावर बहुधा सावरता येते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ते सावरणे सामान्य चालकाच्या आवाक्यातले नसते.

टायरमधल्या हवेकडेही तितकेच लक्ष द्यावे. काही जण पावसाळ्यात पकड वाढावी म्हणून हवा कमी ठेवतात. तो समज चुकीचा आहे. हवा कमी असलेला टायर मधोमध आत दबतो, त्याच्याखाली पाणी अडकते आणि तो कमी वेगातच रस्ता सोडून पाण्यावर चढतो. विमानांच्या टायरवरून बांधलेले एक प्रसिद्ध गणित असे सांगते, की साचलेल्या पाण्यावर ३२ पीएसआय हवा असलेला टायर सुमारे ९५ च्या वेगाला तरंगू लागतो आणि २५ पीएसआय असलेला सुमारे ८३ च्या. मोटारीच्या बाबतीत हे आकडे ढोबळ मानावेत, कारण टायर झिजलेला असेल तर याहून बऱ्याच कमी वेगातही गाडी तरंगते. दाराच्या चौकटीवर कंपनीने लिहिलेला दाब, टायर थंड असताना, गाडी भरलेली असेल तर भरलेल्या गाडीसाठी दिलेला, एवढाच पाळावा. स्टेपनीतली हवाही त्याच वेळी तपासून घ्यावी.

वायपरचे रबर एप्रिल-मेच्या उन्हात ताठरते. ते वरून ठीक दिसते, पण पहिल्याच सरीत काचेवर पाण्याचे पट्टे सोडते व कुरकुर आवाज करते. मेअखेरीस वायपर बदलून टाकणे हा पावसाळ्याच्या तयारीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खर्च आहे. काच धुण्याच्या टाकीत नुसते पाणी न भरता थोडे काच साफ करण्याचे द्रावण घालावे, कारण महामार्गावर काचेवर येणारे पाणी पावसाचे कमी आणि ट्रकच्या चाकांनी उडवलेल्या चिखलाचे व तेलकट मळाचे अधिक असते. काच आतूनही कोरड्या कापडाने पुसावी. आतल्या बाजूचा धुरकट थर रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांत उजळतो आणि काही क्षण काहीच दिसत नाही.

दिव्यांबाबत एक गोष्ट नव्या गाड्या घेतलेल्यांनी जरूर तपासावी. आजकाल बहुतेक गाड्यांना पुढे दिवसा आपोआप लागणारे बारीक दिवे असतात. ते पेटलेले पाहून चालकाला दिवे लागले आहेत असे वाटते, पण अनेक गाड्यांत त्यांच्याबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत. पांढऱ्या पावसात मागून येणाऱ्याला अशी राखाडी किंवा पांढरी गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. आपोआप पेटणारे हेडलाइटही भर दिवसा पाऊस असताना पेटतीलच असे नाही. म्हणून पाऊस सुरू झाला की हेडलाइट स्वतःच्या हाताने, खालच्या झोतावर लावावेत. वरचा झोत पावसाच्या थेंबांवरून परत डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते.

कधी निघावे

पावसाळ्यातल्या बऱ्याच चुका निघण्याची वेळ ठरवतानाच होतात. कोकणात जाणाऱ्यांमध्ये रात्री जेवून निघायचे आणि सकाळी गावात उतरायचे, अशी जुनी रीत आहे. पावसाळ्यात मी तिच्या विरोधात आहे. ओल्या काळ्या रस्त्यावर रात्री पांढरे पट्टे दिसत नाहीत, पाण्याने भरलेला खड्डा आणि पाण्याने भिजलेला सपाट रस्ता यांत फरक कळत नाही, आणि समोर पूल आहे की नाही हेही दिसत नाही. हे शेवटचे वाक्य अतिशयोक्तीचे नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या व काही लहान वाहने त्या अंधारात नदीत गेली. तिथे आता नवा पूल आहे, पण रात्री, मुसळधार पावसात, नदीकाठच्या रस्त्याने वेगात जाणे म्हणजे काय, हे त्या रात्रीने दाखवून दिले. शक्य असेल तर पहाटे उजाडता उजाडता निघावे आणि घाट दिवसाउजेडी ओलांडावेत.

हवामान विभागाचा इशारा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी व निघताना पाहावा. त्यातल्या शब्दांना ठरलेला अर्थ आहे : २४ तासांत ६४.५ मिलिमीटरांच्या वर पाऊस म्हणजे ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अति मुसळधार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत मुसळधार’. रायगड किंवा रत्नागिरी जिल्ह्याला लाल इशारा असेल, तर त्या दिवशीचा प्रवास पुढे ढकलावा. आपण ज्या गावी चाललो आहोत तिथला पाऊस पाहून भागत नाही. नदी जिथून येते तिथला पाऊस पाहावा लागतो. सावित्री, जगबुडी आणि वाशिष्ठी या सह्याद्रीच्या कड्यावरून थेट खाली येणाऱ्या नद्या आहेत, त्यामुळे महाबळेश्वर-कोयनेच्या भागात कोसळलेला पाऊस काही तासांतच महाड, खेड आणि चिपळूणला पोहोचतो. त्याच वेळी खाडीला भरती असेल, तर पाण्याला उतरायला वाट राहत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले, तेव्हा ते असेच कमालीच्या वेगाने बुडाले. देशावरही हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता.

शेवटचे म्हणजे, पोहोचण्याची वेळ कोणालाही कळवू नये. ‘दुपारी जेवायला पोहोचतो’ असे सांगितले की त्या जेवणाची घाई पायात उतरते. ‘पावसावर आहे, निघालो की कळवतो’ एवढेच सांगावे.

पहिल्या सरी आणि पाण्याचा पापुद्रा

मोठ्या पावसापेक्षा पहिला पाऊस अधिक घसरडा असतो. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले डिझेल, तेल, टायरची झीज आणि धूळ यांचा थर जूनच्या पहिल्या सरीने भिजतो आणि रस्त्याला बुळबुळीत लेप बसतो. पुढे जोराचा पाऊस तो धुऊन नेतो. दोन-तीन दिवस उघडीप पडून पुन्हा भुरभुर सुरू झाली, तरी पहिली काही मिनिटे हेच घडते. टोलनाके, चौक आणि ट्रक थांबतात ते ढाबे यांच्या आसपास हा लेप सर्वांत जाड असतो.

जोराच्या पावसात धोका वेगळा असतो. खोलगट भागात, दुभाजकाच्या कडेला आणि चाकोऱ्यांमध्ये पाण्याचा पापुद्रा साचतो. वेगात त्यावर गेलेल्या टायरला ते पाणी बाजूला करायला वेळ मिळत नाही व तो पाण्यावर चढतो. याची खूण हाताला लागते : स्टिअरिंग एकाएकी हलके होते, जणू चाकांशी त्याचा संबंधच उरलेला नाही, आणि इंजिनाचा आवाज किंचित चढतो. अशा वेळी ब्रेक दाबू नये आणि स्टिअरिंग फिरवू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय सावकाश काढावा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवावे आणि टायर पुन्हा रस्त्याला लागेपर्यंत ती एक-दोन सेकंदे जाऊ द्यावीत. ती फार मोठी वाटतात. त्या वेळी स्टिअरिंग वळवून ठेवलेले असेल, तर पकड परत येताच गाडी त्या दिशेने झेप घेते, आणि सरळ रस्त्यावर दुभाजकावर चढलेल्या गाड्यांमागे पुष्कळदा हेच कारण असते. ठरावीक वेग आपोआप राखणारी क्रूझ कंट्रोलची सोय पावसात बंदच ठेवावी.

पुढे गेलेल्या गाडीच्या चाकांचे ठसे ओल्या रस्त्यावर काही क्षण काळसर दिसतात. तिथले पाणी बाजूला झालेले असते, म्हणून शक्य तो त्याच पट्ट्यांवरून आपली चाके न्यावीत. हे ठसे लगेच पाण्याने भरून येत असतील, तर रस्त्यावर बरेच पाणी आहे, असे समजून वेग आणखी कमी करावा.

ब्रेकबाबत एक सूचना द्यायला हवी. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी प्रणाली, सक्तीचे आहे. ही प्रणाली काम करू लागली की ब्रेकचा पेडल पायाखाली थरथरतो आणि खडखड आवाज येतो. ज्याने तो कधी अनुभवलेला नाही, तो दचकून पाय उचलतो. पाय उचलू नये. तातडीच्या वेळी पेडल पूर्ण दाबून ठेवावा आणि स्टिअरिंगने वाट काढावी, कारण एबीएस त्यासाठीच असते. जुन्या गाडीला एबीएस नसेल, तर ब्रेक दाबणे-सोडणे असे भराभर करावे, म्हणजे चाके जाम होत नाहीत.

काचेवरची वाफ

पावसात काच आतून धुरकटते आणि बहुतेक जण एका हाताने फडके फिरवत गाडी चालवतात. त्याची गरज नसते. एसी सुरू करावा, हवेचा झोत समोरच्या काचेवर वळवावा आणि आतलीच हवा फिरवण्याचे बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्यावी. एसी हवेतली आर्द्रता काढून घेतो, त्यामुळे काच मिनिटभरात स्वच्छ होते. मागच्या काचेत ती तापवणाऱ्या बारीक तारा असतात, त्यांचे वेगळे बटण असते. गाडीत ओल्या छत्र्या, ओले रेनकोट आणि भिजलेली पायपुसणी साठलेली असतील, तर वाफ पुन्हा पुन्हा येते. ते सामान पिशवीत बांधून डिकीत टाकावे.

कोकणात मात्र कधी कधी उलटे घडते. एसी फार थंड ठेवलेला असतो, काच गार पडते आणि बाहेरच्या दमट हवेची वाफ काचेच्या बाहेरच्या बाजूला धरते. आतून कितीही पुसले तरी ती जात नाही. बोटाने आतून रेघ ओढून पाहावी. रेघ उमटली नाही, तर वाफ बाहेर आहे असे समजावे, वायपर एकदा फिरवावा आणि एसी थोडा कमी करावा. बोगद्यातून बाहेर पडताना हा अनुभव हमखास येतो. कशेडीच्या बोगद्यात रस्ता तुलनेने कोरडा असतो म्हणून वेग वाढतो, आणि पलीकडच्या तोंडाशी एकाच क्षणी ओला रस्ता, पाऊस आणि धुरकटलेली काच या तिन्ही गोष्टी समोर येतात. बोगद्याचे तोंड दिसू लागताच वेग उतरवावा.

चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची सवय आता इतकी पसरली आहे, की त्याविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. पाऊस जोराचा झाला, धुके आले किंवा बोगदा लागला की अनेक जण ते बटण दाबतात. त्या दिव्यांचा अर्थ ‘माझी गाडी थांबलेली आहे’ असा आहे. ते लावून चाललेली गाडी वळणार आहे, थांबली आहे की सरळ जाते आहे, हे मागच्याला कळत नाही, आणि खरोखर बंद पडलेली गाडी त्या लुकलुकाटात ओळखू येत नाही. चालताना हेडलाइट आणि मागचे दिवे पुरेसे असतात. दाट धुक्यात मागचा जादा लाल दिवा असेल, तर तो लावावा. चारही इंडिकेटर थांबल्यावर लावावेत, किंवा पुढची वाहतूक एकाएकी थबकली असेल तर मागच्याला सावध करण्यापुरते.

ट्रक, डायव्हर्जन आणि रस्त्याच्या कडा

पावसात ट्रकला ओलांडणे ही महामार्गावरची सर्वांत अवघड कृती आहे. ट्रकच्या चाकांतून उडणाऱ्या पाण्याच्या पडद्यात शिरल्यावर दोन-तीन सेकंद समोरचे काहीच दिसत नाही, आणि दुपदरी भागात समोरून काय येते आहे हे कळण्याची नेमकी तीच वेळ असते. म्हणून ट्रकच्या मागे चिकटून न राहता लांबून, रस्ता सरळ असताना, वायपर आधीच जलद करून ओलांडावे, आणि तसे अंतर मिळत नसेल तर मागेच राहावे. ट्रकचालकाने उजवा इंडिकेटर दिला म्हणजे वाट मोकळी आहे, असे कदापि धरू नये. काही जण ‘पुढे जा’ म्हणून तो देतात, काही ‘समोरून गाडी येते आहे, थांब’ म्हणून, आणि काहींना खरोखरच उजवीकडे वळायचे असते.

मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे चालले आहे, त्यामुळे चांगला काँक्रीटचा रस्ता मध्येच संपून वाहने जुन्या रस्त्यावर किंवा डायव्हर्जनवर वळवलेली असतात. पावसात हे वळण उशिरा दिसते आणि फलक चिखलाने माखलेला असतो. काँक्रीटवरून येणारी गाडी ऐंशी-नव्वदच्या वेगात असते आणि तिला एकदम खडी, चिखल व खड्डे लागतात. काँक्रीटची कडाही जपावी. स्लॅब आणि साइडपट्टी यांच्यात काही ठिकाणी वीतभर उंचीचा फरक असतो आणि पावसाने माती धुपून तो वाढतो. एखादे चाक त्या कडेवरून खाली गेले, तर ते झटक्याने वर आणण्याचा प्रयत्न करू नये. कडेला घासत राहिलेला टायर अचानक वर चढतो आणि गाडी आडवी होऊन समोरच्या वाहतुकीत जाते. वेग अगदी कमी होईपर्यंत तसेच सरळ जावे, मग उंचीचा फरक कमी असेल तिथे सावकाश वर यावे.

रस्त्यावर पाणी आले असेल तर

पाणी वाहते आहे की साचले आहे, हे आधी पाहावे. वाहत्या पाण्यात गाडी घालू नये. फूटभर खोलीचे वाहते पाणी लहान मोटार उचलू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक सगळ्या गाड्या वाहून नेऊ शकते, मग त्या कितीही दणकट जीप असोत. मोरीवरून किंवा फरशी पुलावरून पाणी जात असेल, तर खालचा रस्ता शाबूत आहे की नाही हे वरून कळत नाही. एसटी पाण्यातून गेली म्हणून आपणही जाऊ शकतो, असा हिशेब करू नये. तिची उंची आणि वजन वेगळे असते. उलट, एसटीचा चालक पाणी पाहून थांबला असेल, तर दुसरे काहीही न पाहता थांबावे.

साचलेले पाणी चाकाच्या मध्यापर्यंतसुद्धा पोहोचणार नाही, अशी खात्री असेल तरच त्यातून जावे. समोरची गाडी पूर्ण बाहेर पडू द्यावी, मग पहिल्या गिअरमध्ये, एकाच संथ वेगात, मध्ये गिअर न बदलता आणि न थांबता पार व्हावे. वेगात गेल्यास पुढे लाट उठते, पाणी हवा ओढण्याच्या नळीतून इंजिनात जाते आणि दट्ट्या (पिस्टन) ते दाबू पाहतो. पाणी दाबले जात नाही, म्हणून आतले दांडेच वाकतात. गाडी पाण्यात बंद पडली, तर पुन्हा स्टार्ट करून पाहू नये. हजारोंत सुटणारे काम त्या एका चावीने लाखांवर जाते. बाहेर आल्यावर ओल्या ब्रेकची पकड कमी असते, तेव्हा थोडे अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवावे आणि ते कोरडे करून घ्यावेत.

पाणी गाडीभोवती वाढू लागले, तर गाडीचा मोह सोडावा. सीटबेल्ट काढावेत, वीजप्रवाह चालू आहे तोवर काचा खाली घ्याव्यात, मुलांना आधी बाहेर काढावे आणि खिडकीतून छतावर किंवा उंच जागी जावे. दार उघडण्यासाठी झटत बसू नये, कारण बाहेरच्या पाण्याचा दाब ते उघडू देत नाही. काच फोडावी लागली, तर बाजूची फोडावी. समोरची काच दोन थरांमध्ये पातळ पडदा घालून बनवलेली असते, ती सहज फुटत नाही.

घाटात

घाट उतरताना गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवावी. तेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून उतरणारे चालक आजही आहेत. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमक्या शेवटच्या वळणांवर निकामी होतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीकडे उतरताना अवजड वाहनांचे जे अपघात होतात, त्यांच्या मुळाशी अनेकदा हेच असते. म्हणून तिथे उतारावर ट्रकच्या पुढे राहणे टाळावे आणि आरशात मागे पाहत राहावे. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियम आहे. पावसात तो अधिक काटेकोरपणे पाळावा, कारण ओल्या चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा निघताना मागे घसरते.

दरडीची चाहूल काही वेळा आधी लागते. रस्त्यावर ताजे, धारदार कडांचे दगड पडलेले दिसणे, कड्यावरून येणारे स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणे, झाडे रस्त्याकडे कललेली असणे, किंवा भिंतीसारख्या कापलेल्या मातीच्या उतारात नवी भेग दिसणे, यांतले काहीही दिसले तर तिथे रेंगाळू नये, अलीकडेच असलो तर माघारी फिरावे. परशुराम घाट आणि द्रुतगती मार्गावरचा आडोशी बोगद्याजवळचा भाग दरडींसाठी माहीत आहेत. भोर-महाड मार्गावरचा वरंध घाट तर पावसाळ्यात बऱ्याचदा वाहतुकीला बंद ठेवला जातो, तेव्हा नकाशाच्या ॲपने जवळचा रस्ता म्हणून तो सुचवला, तरी निघण्यापूर्वी चौकशी करावी. ताम्हिणी, माळशेज आणि आंबोलीत धबधब्यांशेजारी गाडी लावून उतरणारे लोक पाहिले की काळजी वाटते. जिथून पाणी कोसळते तिथूनच दगडही येतात, आणि वळणावर लावलेली गाडी धुक्यातून येणाऱ्याला दिसत नाही. धबधबा पाहायचा असेल, तर ठरवून दिलेल्या वाहनतळावर गाडी लावून चालत जावे.

दुचाकीवर

दुचाकीस्वारांनी पावसात लांबचा महामार्ग टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. निघावेच लागले, तर रस्त्यावरचे रंगवलेले पांढरे पट्टे, पुलांच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या आणि गटारांची झाकणे सरळ ओलांडावीत, त्यांच्यावर ब्रेक लावू नये व गाडी कलू देऊ नये. खालून उघडा, वाऱ्याने फुगणारा रेनकोट घालू नये. साडीचा पदर किंवा ओढणी रेनकोटच्या आत घ्यावी. हेल्मेटच्या काचेला आतून वाफ धरते, म्हणून ती बोटभर उघडी ठेवावी. पाण्याने भरलेला खड्डा चारचाकीचा टायर फोडतो, पण दुचाकीस्वाराला तो रस्त्यावर फेकतो, म्हणून खोली माहीत नसलेल्या कोणत्याही डबक्यातून दुचाकी नेऊ नये.

गाडी थांबवावी लागली तर

पाऊस इतका वाढला, की पुढच्या गाडीचे लाल दिवेही दिसेनासे झाले, तर थांबावे. मात्र मार्गिकेत थांबू नये, पुलावर थांबू नये, वळणावर किंवा कड्याखाली थांबू नये. पेट्रोल पंप, हॉटेल किंवा टोलनाक्याची मोकळी जागा गाठावी. साइडपट्टीवरच थांबावे लागले, तर रस्त्यापासून शक्य तितके दूर थांबावे, चारही इंडिकेटर लावावेत आणि परावर्तक त्रिकोण किमान पन्नास मीटर मागे ठेवावा. पावसात तो आणखी मागे नेला तर अधिक चांगले. तो ठेवायला जाताना येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, रस्त्याच्या कडेने जावे. गाडीतल्या सगळ्यांना, पाऊस असला तरी, उतरवून संरक्षक कठड्यापलीकडे उभे करावे. साइडपट्टीवर उभ्या असलेल्या गाडीत बसून राहणे हे भिजण्यापेक्षा फार धोक्याचे आहे. त्यानंतर मदतीसाठी फोन करावा : राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३, पोलिसांसह कोणत्याही संकटासाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत, हे दोन्ही सांगावे. दुभाजक असलेल्या रस्त्यावर दिशा चुकली, तर मदत पलीकडच्या बाजूला येऊन अडकते.

दुसऱ्या कोणाचा अपघात झालेला दिसला, तर आपली गाडी अपघाताच्या पुढे नेऊन सुरक्षित जागी थांबवावी आणि मागून येणाऱ्यांना सावध करण्याची व्यवस्था आधी करावी. पावसात पहिल्या अपघातावर दुसरी गाडी येऊन आदळते, ती याच चुकलेल्या मिनिटांत. जखमींना मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार संरक्षण आहे. आपले नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. त्यामुळे पोलिसांच्या फेऱ्यांच्या भीतीने पुढे निघून जाऊ नये, १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत जखमीवर छत्री धरून तिथेच थांबावे.